उभी ठेवलेली मोटारसायकल सुरू होत नाही, तेव्हा...



दसरा झाला, पाऊस मागे सरला, की आपल्या भागात एकदम धावपळ सुरू होते. सगळ्यांचे डोळे कारखान्याच्या धुराड्याकडे लागतात. ऊस नोंदीची चौकशी, गट कार्यालयाचे हेलपाटे, टोळीच्या मुकादमाची गाठ, तोडीची चिठ्ठी, खतासाठी सोसायटीच्या खेपा. यातले एकही काम आता मोटारसायकलशिवाय होत नाही. आणि नेमकी त्याच वेळी, जून-जुलैपासून सोप्यात गोणपाट टाकून उभी केलेली गाडी रुसून बसते.

गाड्यांच्या दुरुस्तीत आमचे बरेच आयुष्य गेले. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर एकच संवाद ऐकू येतो.

"अण्णा, गाडी चालूच हुईना बघा. शंभर किका मारल्या, पिंढऱ्या भरून आल्या."

"किती दिवस उभी हाय?"

"पावसाळाभर. पर उभी करताना झकास चालू हुती की!"

या शेवटच्या वाक्यातच निम्मे निदान आहे. चालता चालता बंद पडलेली गाडी आणि उभी राहून बंद झालेली गाडी, या दोन्हींचे दुखणे वेगळे असते. पहिलीत काहीतरी मोडलेले, झिजलेले किंवा जळलेले असू शकते. दुसरीत बहुधा काही मोडलेले नसते. काहीतरी शिळे झालेले असते, काहीतरी उतरलेले असते, नाहीतर कुठेतरी काहीतरी चिकटलेले असते. म्हणून लगेच टेंपो बोलावून गाडी शहरात न्यायची, इंजिन उघडायला लावायचे आणि खर्चाला बसायचे, असे करू नका. म्हणतात ना, आजार रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला, तशी गत होते. घरच्या घरी, अर्ध्या तासात, एक प्लगपाना, एक स्क्रू ड्रायव्हर, एक काचेची बाटली आणि एक फडके एवढ्यावर बरीचशी कामे होतात. फक्त ती क्रमाने करावी लागतात.

इंजिनाला काय लागते?

आपल्याकडे विहिरीवरचे ऑईल इंजिन हाताळलेली पिढी अजून आहे. हँडल मारून इंजिन धरणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. पण तरुण मंडळींसाठी सांगतो. पेट्रोलच्या इंजिनाला सुरू होण्यासाठी चार गोष्टी लागतात. चांगले पेट्रोल, हवा, प्लगची ठिणगी आणि सिलिंडरात दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. चारही असतील तर इंजिन सुरू झालेच पाहिजे. सुरू होत नाही याचा अर्थ चारांतली एक तरी गैरहजर आहे. ती कोणती, एवढेच शोधायचे. नुसत्या किका मारून ती सापडत नाही. उलट पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

किक मारण्याआधी पाच मिनिटे

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी पुष्कळदा गत होते. म्हणून आधी साध्या गोष्टी बघा.

१) हँडलवरचे लाल बटण, म्हणजे इंजिन बंद करायचा स्विच, कुणी दाबून ठेवलेला नाही ना? उभ्या गाडीवर पोरे बसून खेळतात आणि पहिले बोट तिथेच जाते.

२) पेट्रोल कॉक 'बंद'वर आहे का? टाकीत पेट्रोल आहे का? काटा सांगतो त्यावर विसंबू नका. झाकण उघडून गाडी हलवून बघा.

३) नव्या गाड्यांत साईड स्टँड खाली असला की इंजिन सुरू होत नाही किंवा गिअर टाकताच बंद पडते. स्टँडच्या स्विचमध्ये चिखल वाळून बसला असेल तर स्टँड वर केला तरी गाडीला तो खालीच वाटतो. फडक्याने पुसा.

४) गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करून बघा. इंजिन फिरत असल्याचे जाणवले तर बरे. अजिबात फिरत नसेल तर ब्रेकचे लायनर चिकटले आहेत का बघा. चाक न्यूट्रलमध्ये मोकळे फिरते आणि गिअरमध्ये घट्ट बसते, तर पिस्टन चिकटलेला आहे. अशा गाडीला किकवर उभे राहून जोर देऊ नका, ढकलूही नका. ते काम मिस्त्रीचे.

५) झाकण उघडले आणि आत हवा 'सुर्र' करून ओढली गेली, तर झाकणातले हवेचे बारीक भोक चिखलाने बुजले आहे. टाकीत हवा गेल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही. तोंडावर बोट धरलेल्या पिचकारीसारखे ते वर अडकून राहते. बारीक तारेने भोक मोकळे करा.

एवढे झाल्यावर, कार्बोरेटरची गाडी असेल तर, चावी बंद ठेवून चोक ओढा, दोन-तीन किका सावकाश मारा. मग चावी चालू करून नेहमीसारखी किक मारा. पाच-सहा किकांत गाडीने दाद दिली नाही तर थांबा. आता शोध घ्यायचा.

पहिला संशय पेट्रोलवर

उभ्या गाडीत सर्वांत आधी नासते ते पेट्रोल. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही, हलक्या-जड अनेक द्रवांचे ते मिश्रण आहे. थंड इंजिन सुरू करायला त्यातला हलका, चटकन उडणारा भाग लागतो. कार्बोरेटरच्या वाटीत एवढेसे पेट्रोल असते. गाडी उभी राहिली की हलका भाग आधी उडून जातो आणि मागे चिकट, पिवळसर, राळेसारखा थर उरतो. कार्बोरेटरच्या आतला लहान जेट, ज्याला मिस्त्री लोक पायलट जेट म्हणतात, त्याचे भोक केसासारखे बारीक असते. ते बुजायला हा थर पुरेसा होतो. मग चोक ओढल्यावर गाडी धरते, चोक सोडला की बंद पडते. हे लक्षण दिसले तर जेट बुजला असे बहुधा समजावे.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय आला, तो म्हणजे इथेनॉल.

उसाच्या मळीपासून, बी-हेवी मळीपासून आणि रसापासूनही इथेनॉल होते. पेट्रोलमध्ये ते मिसळण्याचे प्रायोगिक काम २००१ साली देशात तीन ठिकाणी सुरू झाले. त्यांतले एक आपल्या शेजारचे मिरज, दुसरे मनमाड आणि तिसरे उत्तर प्रदेशात. २००३ पासून नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २०२२ साली देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल काही पंपांवर मिळू लागले आणि २०२५ मध्ये देशभर तेच नित्याचे झाले. आता मका-तांदळापासूनही मोठ्या प्रमाणात इथेनॉल होते. पण मिरजेला सुरुवात झाली ती उसाच्या मळीवरच. म्हणजे बंधूंनो, आपल्या गाडीच्या टाकीत जे आहे त्यात आपल्या फडातलाही वाटा आहे. ते आपलेच लेकरू आहे. म्हणून त्याचे गुण जसे सांगायचे, तसा स्वभावही लपवायचा नाही.

गुण असे. इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, म्हणजे इंजिनात ठोका बसत नाही. बाहेरून आणायचे कच्चे तेल तेवढे कमी लागते. कारखान्याच्या हाती साखरेखेरीज दुसरा पैसा येतो. आता स्वभाव. एक, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे अंतर थोडे कमी मिळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. दुसरे म्हणजे, जुन्या गाड्यांची रबरी नळी, वॉशर, पॅकिंग यांवर त्याचा परिणाम लवकर होऊ शकतो. गाडी २०२३ च्या एप्रिलच्या आधीची असेल तर नळी बोटांनी दाबून बघत चला. फुगलेली, चिकट झालेली किंवा भेगाळलेली असेल तर बदला. तिसरे आणि आजच्या विषयाचे म्हणजे, इथेनॉल पाण्याला जवळ करते.

नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, ते तळाशी बसते. इथेनॉल असलेले पेट्रोल मात्र थोडे पाणी पोटात घेते. थोडे घेतले तर उलट बरेच, कारण ते पाणी इंजिनातून जळून निघून जाते. पण त्याला मर्यादा आहे. १० टक्के मिश्रणाचे लिटरभर पेट्रोल साधारण अर्धा टक्का, म्हणजे चहाच्या चमचाभर पाणी सामावून घेते. २० टक्क्यांचे त्याहून थोडे जास्त. मर्यादा ओलांडली, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. वर पेट्रोल, खाली इथेनॉल-पाण्याचा थर. आणि टाकीतून नळी निघते ती तळातूनच! म्हणजे इंजिनाच्या वाट्याला आधी ते न पेटणारे पाणीच येते. वर चांगले दिसणारे पेट्रोल आहे आणि तरी गाडी मरून पडली, याचे कोडे इथे सुटते.

एवढे पाणी येते कुठून? नुसत्या दमट हवेतून थोडेच येते. आपल्याकडे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या बाजूला पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते हे खरे. पण खरे पाणी शिरते ते टाकीच्या झाकणातून. झाकणाभोवती पडणारे पावसाचे पाणी खाली सोडायला एक बारीक नळी असते. ती मातीने बुजली की पाणी तुंबते आणि झाकणाच्या जुन्या रबरातून टाकीत उतरते. पागोळ्यांखाली उभ्या केलेल्या गाडीत हमखास हे घडते.

आता बाटलीची परीक्षा. ही घरी कुणालाही जमेल. गाडी उघड्यावर घ्या. जवळ चूल, विडी-काडी काही नको. इंजिन थंड असू द्या. कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशी एक निचऱ्याचा स्क्रू असतो. तो सैल करून आतले पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. मग स्क्रू घट्ट करून, नळी काढून टाकीतलेही अर्धा पेला पेट्रोल दुसऱ्या बाटलीत घ्या. दहा-पंधरा मिनिटे बाटल्या हलवू नका.

- तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले, तर पाणी आहे. टाकी पूर्ण रिकामी करायची. 'वर नवीन टाकू, मिसळून जाईल' असे करू नका.
- रंग गडद आणि वास आंबूस, रोगणासारखा आला, तर पेट्रोल शिळे आहे. तेही काढायचे.
- तळाशी तांबडी पूड दिसली, तर टाकीला आतून गंज आहे. कॉकची जाळी बुजली असणार, ती धुऊन घ्यावी.
- स्वच्छ आणि नेहमीच्या वासाचे असेल, तर पेट्रोलवरचा संशय सोडा आणि पुढे चला.

महिना-दीड महिना उभ्या गाडीतले पेट्रोल सहसा बिघडत नाही. दोन-तीन महिन्यांवर गेले आणि त्यात पावसाळा असला तर ते तपासूनच घ्यावे. काढलेले खराब पेट्रोल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. एक लिटर पेट्रोल किती पाणी नासवते हे विहिरीवर पिणाऱ्याला सांगायला नको. झाकणबंद डब्यात ठेवून गॅरेजवाल्याच्या हवाली करा.

टाकी मोकळी करून, नळी व जाळी धुऊन, दोन लिटर ताजे पेट्रोल घाला. बऱ्याच गाड्या एवढ्यावर उठतात. तरीही चोकशिवाय टिकत नसेल तर कार्बोरेटर खोलून जेट साफ करावा लागेल. जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका. पितळेचे भोक मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. फवाऱ्याने आणि हवेच्या दाबानेच साफ करा.

अजूनही जपून ठेवलेली राजदूत किंवा येझदी कुणाकडे असेल, तर त्यात पेट्रोलबरोबर ऑईल मिसळलेले असते. पेट्रोल उडून जाते आणि वाटीत ऑईलच उरते. त्यांची वाटी धुतल्याशिवाय पुढे जाऊच नये.

बॅटरी उतरली का?

हॉर्न बारीक वाजतो, इंडिकेटर मंद लागतो, बटण दाबले की नुसते 'कट कट' ऐकू येते. ही बॅटरी उतरल्याची खूण. बॅटरी काही काम न करताही हळूहळू उतरते. शिवाय नव्या गाड्यांत घड्याळ आणि कंट्रोल युनिट थोडीथोडी वीज घेतच असतात.

घरात मीटर असेल तर बघा. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर उतरलीच म्हणा. आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या ब्रशने धुवा, कोरडे करा, घट्ट आवळा आणि वरून थोडे पेट्रोलियम जेली लावा. कधी कधी दुखणे एवढेच असते. बॅटरी काढताना आधी वजाची वायर, मग अधिकची. जोडताना उलट.

चार्जिंग सावकाश करावे. चार अँपिअर-अवरच्या बॅटरीला सुमारे ०.४ अँपिअरने. ट्रॅक्टरचे इंजिन चालू ठेवून त्याच्या बॅटरीतून वायर जोडण्याची घाई काही मंडळी करतात. त्यात मोटारसायकलच्या नाजूक भागांचे नुकसान होऊ शकते. अगदीच अडले तर १२ व्होल्टच्याच बॅटरीतून, ट्रॅक्टर बंद ठेवून जोडा आणि गाडी सुरू होताच काढा. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी पेटवू नका.

ठिणगी पडते का?

पेट्रोल ताजे, बॅटरी भरलेली, तरी गाडी गप्प. आता प्लग काढा. प्लग बाहेर काढला की तोच बोलतो. कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल आत पोचतच नाही, मागे जा. ओलाचिंब असेल, तर पेट्रोल जास्त झाले किंवा ठिणगी पडत नाही. काळा, काजळी धरलेला असेल, तर पितळी ब्रशने साफ करा, नाहीतर नवाच घाला. प्लग ही स्वस्त वस्तू आहे, एक जादा घरात असावा.

प्लगच्या टोकांतले अंतर बऱ्याच छोट्या गाड्यांत ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते, नेमके गाडीच्या पुस्तकात बघा. फीलर गेज नसेल तर लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर असते. जुने मिस्त्री त्यानेच अंदाज घेत.

ठिणगी बघताना टाकी बंद करा आणि सांडलेले पेट्रोल पुसा. प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. प्लगचे भोक फडक्याने झाका आणि किक मारून बघा. निळी, कडकडीत ठिणगी पडली पाहिजे. ठिणगी नसेल तर टोपी बघा. त्यात ओल किंवा गंज असतो. कॉईलकडे जाणारी वायर उंदराने कुरतडली आहे का ते बघा. जुन्या पॉइंटच्या गाडीत पॉइंटवर गंजाचा पापुद्रा येतो, तो बारीक पॉलिश पेपरने घासावा. इंजेक्शनच्या गाडीत मात्र हा प्रयोग घरी करू नका. प्लग नीट टेकला नाही तर कंट्रोल युनिट जळण्याची भीती असते.

प्लग भिजून गाडी 'ओव्हर' झाली असेल तर प्लग पुसून कोरडा करा. प्लग बाहेर असताना चावी आणि पेट्रोल कॉक बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण ओढून आठ-दहा किका मारा. आतले जादा पेट्रोल निघून जाते. मग प्लग लावून चोक न ओढता सुरू करा.

बिनभाड्याचे भाडेकरू

उभी गाडी कुणाला ना कुणाला घर वाटतेच. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात पाचटाचे, चिंध्यांचे घरटे करतात. कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचे घर बांधते. हवा आत येणार नाही आणि धूर बाहेर पडणार नाही, तर गाडी सुरू होईल कशी? फिल्टरचा डबा उघडून बघा, सायलेन्सरच्या तोंडात बॅटरीचा उजेड पाडा. दोन मिनिटांचे काम आहे, पण माणसे इथे शेवटी येतात.

चावी लावली की ऐका

२०२० च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्बोरेटर नसतो, इंजेक्शन असते. त्यांना चोक नाही. पेट्रोल कॉकही बहुतेकींना नाही. टाकीत विजेचा छोटा पंप असतो. चावी लावून लाल बटण 'चालू'वर केले की दोन-तीन सेकंद 'सूं' असा बारीक आवाज येतो. तो पंपाचा. पुष्कळ दिवस उभी असेल तर चावी तीन वेळा चालू-बंद करून तो आवाज येऊ द्या, म्हणजे नळीत दाब तयार होतो. मग अ‍ॅक्सिलरेटर न ओढता बटण दाबा.

आवाजच आला नाही तर बॅटरी आणि फ्यूज बघा. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून काम चालवणे म्हणजे वायरिंगला आग लावणे. आवाज येतो, बॅटरी चांगली, पेट्रोल ताजे, तरी सुरू होत नाही आणि इंजिनाचा पिवळा दिवा विझत नाही, तर शहाणपणाने कारागिराकडे न्या. तिथे यंत्र लावून दोष वाचता येतो.

पुरात बुडालेली गाडी: किकला पाय लावू नका

वर सांगितलेले सारे कोरड्या जागी उभ्या असलेल्या गाडीचे झाले. पण आपल्या जिल्ह्यात दुसरी एक उभी गाडी असते, ती पाण्यात उभी राहिलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये काय झाले ते आंबेवाडी, चिखलीच्या आणि शिरोळ तालुक्याच्या सभासदांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आता पोरालाही पाठ आहे. त्या दोन्ही वेळी पंचगंगा याच्या पुष्कळ वर गेली होती. माणसे आणि जनावरे बाहेर काढताना गाड्या मागे राहिल्या. राहणारच, ते योग्यच झाले.

पण पाणी ओसरल्यावर खरे नुकसान झाले ते घाईने. गाळ धुतला आणि मारली किक! सिलिंडरात पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन ऑईलमध्ये पाणी असेल तर बेअरिंग कोरडी फिरतात. पुराने जे वाचवले ते किकने घालवले, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून पुरातल्या गाडीसाठी क्रम वेगळा आहे.

१) चावी लावू नका, बटण दाबू नका, ढकलूनही सुरू करू नका.

२) गाडीचे फोटो काढा, पाणी कुठवर होते ती खूण दिसू द्या. विमा कंपनीला आधी कळवा. पुराचे नुकसान पूर्ण विम्यात येते, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. आणि पाणी शिरलेले इंजिन स्वतः सुरू करायला जाऊन झालेले नुकसान नाकारले जाऊ शकते.

३) बॅटरीची वजाची वायर काढा. गोड्या पाण्याने गाळ धुवा, पण दाबाचा फवारा वायरिंगवर मारू नका.

४) ऑईल काढा. दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. पेट्रोल पूर्ण काढा. एअर फिल्टर बदला.

५) प्लग काढून, चावी बंद ठेवून, किक हाताने सावकाश दाबा. प्लगच्या भोकातून पाणी बाहेर पडू द्या. पूर्ण थांबल्यावर चमचाभर इंजिन ऑईल आत सोडा आणि पुन्हा सावकाश फिरवा.

६) नवे ऑईल, ताजे पेट्रोल, कोरडा प्लग घालून सुरू करा. थोडा वेळ चालवून ते ऑईलही बदला. ब्रेक उघडून गाळ काढल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

इंजेक्शनची गाडी सीटपर्यंत बुडाली असेल तर घरी काही करू नका, थेट मिस्त्रीकडे न्या. मात्र उशीर करू नका. पाणी आत राहिले तर गंज थांबत नाही.

पुढच्या पावसाळ्यात ही वेळ येऊ नये म्हणून

दोन-तीन महिने गाडी लागणार नाही असे दिसले, की उभी करण्याआधी अर्धा तास द्या.

- टाकी ताज्या पेट्रोलने भरून ठेवा. रिकाम्या टाकीत ओली हवा राहते आणि गंज धरतो. झाकणाचे रबर आणि पाण्याची नळी तपासा.
- कार्बोरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी रिकामी होते. इंजेक्शनच्या गाडीत असे करू नका, पंप कोरडा चालवायचा नसतो.
- बॅटरीची वजाची वायर काढा, किंवा बॅटरी घरात कोरड्या जागी ठेवून महिन्यातून एकदा चार्ज करा. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला.
- चेनला ऑईल, चाकात पुरेशी हवा, गाडी मेन स्टँडवर. सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी बांधा, पण लाल रंगाची, म्हणजे सुरू करताना काढायची आठवण राहील.
- ओले गोणपाट टाकू नका. ते ओल धरून ठेवते. गोठ्यातही नको, कारण जनावरांच्या मुताच्या वाफेने धातू लवकर गंजतो.

आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे गाडी फार दिवस उभीच ठेवू नका. पंधरवड्यातून एकदा गावाबाहेर पाच-सात किलोमीटर फेरी मारून आणा. नुसती सोप्यात दोन मिनिटे घुरघुर करून बंद करणे उपयोगाचे नाही. त्याने बॅटरी भरत नाही आणि इंजिनात वाफेचे पाणी मात्र साठते. शिवाय बंद खोलीत इंजिन चालू ठेवणे जिवावरचे आहे. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

बंधूंनो, खोडव्याला वेळेवर पाणी आणि खत दिले तर तो लागणीच्या बरोबरीने उतरतो, दुर्लक्ष केले तर पहिल्याच वर्षी मोडायची पाळी येते. गाडीचेही तसेच आहे. म्हणून पुढच्या वेळी गाडी उठली नाही की शंभर किका मारू नका. सहा किका मारा, मग खाली बसा, बाटली घ्या आणि बघा. गाडी काय दुखते ते सांगत असते, आपण ऐकायला थांबले पाहिजे.